कोळशातला हायड्रोजन

कोक, म्हणजे लोखंड बनवायला लागणारं कोळशापासूनचं इंधन, तयार करताना कोळसा जाळतात, असं वाक्य मला पुन्हा पुन्हा वाचायला मिळतं आणि दर वेळी खटकतं. कोकभट्टीत कोळसा जळत नाही, कारण आत हवाच नसते. बंद कोठीत तो हवेवाचून तापवतात, आणि मग त्याचे रेणू तुटू लागतात. रसायनशास्त्रात याला भंजक ऊर्ध्वपातन म्हणतात. मागे उरतो तो कोक. तो लोखंड बनवणाऱ्या झोतभट्टीत जातो. बाहेर पडतो तो कोकभट्टी वायू.

एक टन कोळशातून साधारण ३०० ते ३५० घनमीटर वायू निघतो. त्यात आकारमानाने ५५ ते ६० टक्के हायड्रोजन, पाव हिस्सा मिथेन, थोडा कार्बन मोनॉक्साइड आणि बाकी किरकोळ. काळ्याकुट्ट दगडातून सर्वांत हलका वायू एवढा येतो कुठून? या प्रश्नाचं उत्तर मला फार आवडतं.

कोकसाठीच्या कोळशात वजनाने सुमारे ८५ टक्के कार्बन असतो आणि हायड्रोजन जेमतेम ५ टक्के. पण कार्बनचा अणू १२ पट जड. म्हणून वजन सोडून अणू मोजले, तर दर ७ कार्बनमागे ५ हायड्रोजन भरतात! कोळसा म्हणजे कार्बनच्या षटकोनी कड्यांचे छोटे छोटे पत्रे, आणि त्यांच्या कडांना चिकटलेले हायड्रोजन व इतर लहान गट.

कोठी उंच आणि लांब, पण रुंदीला अर्ध्या मीटरच्या आसपास. कोळशातून उष्णता फार हळू सरकते. भिंतींमागच्या पोकळ्यांत वायू जळत असतो आणि भिंतींचं तापमान १००० अंश सेल्सिअसच्या वर असतं. भिंतीलगतचा कोळसा ३५० अंशांच्या पुढे मऊ होतो, फुगतो, ५०० अंशांच्या सुमारास पुन्हा घट्ट होतो. हा मऊ थर दोन्ही भिंतींकडून मध्याकडे सरकत जातो. या टप्प्यात कडांवरचे गट तुटतात. डांबराची वाफ आणि मिथेन निघतात. खरी मौज ६००-७०० अंशांनंतर. आता पत्रे कडेला कडा लावून एकमेकांना शिवले जातात. दोन कार्बन जोडायचे तर दोघांनाही आपापला हायड्रोजन सोडावा लागतो, म्हणजे प्रत्येक टाक्यामागे हायड्रोजनचा एक रेणू मोकळा होतो. शिवाय तापलेल्या कोकला घासून जाणाऱ्या वाफाही तुटतात आणि आणखी हायड्रोजन देतात. म्हणूनच शेवटच्या तासांत वायूतलं हायड्रोजनचं प्रमाण चढत जातं. एका टनातल्या सुमारे ५० किलो हायड्रोजनपैकी १७ किलोच्या आसपास असा सुटा बाहेर येतो, आणि तेवढाच जवळजवळ १९० घनमीटर जागा व्यापतो.

भट्टीतून निघताना वायू ७०० अंशांच्या वर असतो. त्यावर अमोनियायुक्त पाण्याचा फवारा मारला की त्यातलं काही पाणी वाफ होऊन उष्णता शोषून घेतं, वायू ८० अंशांच्या आसपास येतो आणि डांबर खाली बसतं. मग नॅप्थलीन, अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड आणि बेंझॉल (बेंझीन व तत्सम द्रवांचं मिश्रण) काढायचं. नॅप्थलीन म्हणजे डांबराच्या गोळ्यांतला तोच पदार्थ; काढला नाही तर थंड नळ्यांत स्फटिक होऊन त्या तुंबवतो. अमोनियापासून अमोनियम सल्फेट हे खत होतं.

१७९२ साली विल्यम मर्डॉक या अभियंत्याने इंग्लंडमधल्या रेडरूथ इथे कोळशाच्या वायूवर आपलं घर उजळलं. त्यानंतरही जुन्या मधमाशी-पोळ्यासारख्या कोकभट्ट्यांत हाच वायू वर्षानुवर्षं वाया जात राहिला. आता सुमारे ४० टक्के वायू भट्ट्या तापवायलाच परत येतो; उरलेला पोलाद तापवण्याच्या भट्ट्यांना आणि वीजनिर्मितीला जातो.

आणि इथेच कोकभट्टी वायूतल्या हायड्रोजनला ‘फुकटचा स्वच्छ हायड्रोजन’ म्हणणाऱ्या जाहिरातबाजीवर माझा आक्षेप आहे. गाळून तो वेगळा करता येतो, हे खरं. पण फुकट तेच, ज्याला आधीचा धनी नाही. हा वायू तर आधीच कामाला लावलेला आहे. हायड्रोजनने निम्म्याहून जास्त जागा व्यापली तरी वायूतली उष्णता एक-तृतीयांशाच्या जवळपासच त्याची. निम्मी उष्णता पाव हिस्सा असलेल्या मिथेनची. हायड्रोजन काढून घेतला की ती एक-तृतीयांश उष्णता दुसऱ्या इंधनातून आणावी लागते. ते इंधन कोळसा असेल, तर धुराडं फक्त दुसरीकडे सरकतं.