इटालियन प्रतिकारपट : तुकड्यांच्या फिल्मची गोष्ट कितपत खरी?

रोम ४ जून १९४४ ला जर्मनांच्या ताब्यातून मुक्त झालं आणि रोबेर्तो रोसेलिनीच्या 'रोम, खुले शहर' या प्रतिकारपटाचं, म्हणजे जर्मनांविरुद्धच्या भूमिगत लढ्यावरच्या चित्रपटाचं, शूटिंग जानेवारी १९४५ मध्ये सुरू झालं. उत्तर इटली तेव्हा जर्मनांच्याच ताब्यात होती. तिथला उठाव २५ एप्रिलचा. म्हणजे हा चित्रपट आठवणीतून नव्हे, युद्ध चालू असतानाच घडला. 'खुले शहर' ही युद्धनियमांतली संज्ञा: ज्याचा बचाव केला जाणार नाही आणि म्हणून ज्यावर हल्ला करू नये असं शहर. रोमबाबत ही घोषणा ऑगस्ट १९४३ मध्ये झाली आणि महिनाभरात जर्मन फौजा आत शिरल्या. शीर्षकातला टोमणा तिथला आहे.

या चित्रपटाविषयी हमखास सांगितली जाते ती कच्च्या फिल्मची गोष्ट. रस्त्यावरच्या फोटोग्राफरांकडून तुकडे गोळा केले, ते जोडून शूटिंग केलं, म्हणून चित्र कुठे उजळ, कुठे काळपट. १९९५ च्या जीर्णोद्धारात मूळ निगेटिव्ह तपासलं, तेव्हा फिल्मचे तीनच प्रकार सापडले. बाहेरच्या दृश्यांना फेरानिया सी-६. आतल्यांना आग्फाचे दोन, सुपर पॅन आणि अल्ट्रा रॅपिड. मग उजेड का हलतो? दोष बराचसा लॅबमधल्या धुलाईचा. डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, ठेवण्याचा वेळ दर खेपेला वेगळा. द्रावण नीट हलवलं नाही, की वापरून संपलेलं रसायन फिल्मच्या थराला चिकटून राहतं आणि पुढची क्रिया मंदावते. फिक्सर, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, कमी पडला, की उरलेले चांदीचे क्षार पुढे डाग पाडतात. ज्याला आपण 'वृत्तपटासारखा खरेपणा' म्हणून दाद देतो, त्यातला काही भाग कच्च्या धुलाईचा आहे. दंतकथा जास्त देखणी, म्हणून ती टिकली.

'सगळं रस्त्यावरच' हेही अर्धसत्य. रोमच्या चिनेचित्ता या मोठ्या फिल्म स्टुडिओत निर्वासितांची छावणी होती, त्यामुळे आतल्या दृश्यांसाठी शहराच्या मध्यभागातल्या एका मोठ्या हॉलमध्ये सेट उभारले. गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, अधिकाऱ्याचं ऑफिस तिथलंच: एका दाराआड छळाची खोली, दुसऱ्या दाराआड पियानो वाजणारा दिवाणखाना. खऱ्या इमारतीत अशा तीन खोल्या शेजारी शेजारी सापडणं कठीण. ही मांडणी सुताराच्या हातची. शूटिंग मूक झालं, संवाद नंतर डब केले. प्रतिकार-नेत्याच्या भूमिकेतल्या नटाचा आवाजसुद्धा दुसऱ्याचा आहे.

१९४६ मध्ये त्याच दिग्दर्शकाने सहा प्रकरणांचा 'पाइझा' केला. शेवटचं प्रकरण पो नदीच्या त्रिभुज प्रदेशात घडतं. प्रवाहातून एक प्रेत वाहत येतं, त्याच्यावर पाटी: 'पार्टिझन', म्हणजे प्रतिकारातला सशस्त्र लढवय्या. कॅमेरा होडीतल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर, म्हणून पाणी, वेत आणि आभाळ यापलीकडे काही दिसत नाही. लपायला जागा नाही, हे संवादाविना कळतं.

पुढचा काळ अधिक निर्णायक. १९४५ च्या पडद्यावर धर्मगुरू आणि कम्युनिस्ट एकाच बाजूला होते. मे १९४७ मध्ये डावे सरकारबाहेर गेले आणि ही जोडी अवघड झाली. डिसेंबर १९४९ च्या कायद्याने सरकारी मदतीआधी पटकथा तपासली जाऊ लागली. देशाची बदनामी होते असं वाटल्यास निर्यात परवाना अडवता येई. बंदी कागदावर नव्हती, पण पैसा कुठून आणायचा? १९५१ च्या 'आख्टुंग! बांदिती!'ने तो सहकारी तत्त्वावर, वर्गणीतून उभा केला. कथा जेनोआकडची: कारखान्यातली यंत्रं जर्मनांनी उचलून नेऊ नयेत म्हणून कामगार आणि पार्टिझन लढतात.

त्यानंतर जवळजवळ सगळं दशक हा विषय मोठ्या पडद्यावर मंदावलेलाच राहिला. १९५९ मध्ये रोसेलिनीच 'जनरल देल्ला रोव्हेरे' घेऊन त्याकडे परतला. त्या चित्रपटाला व्हेनिसचा सुवर्णसिंह विभागून मिळाला, आणि त्याचं बरंचसं शूटिंग स्टुडिओतल्या सेटवर झालेलं होतं.