पिशवीतलं सायट्रेट, अंगातलं कॅल्शियम

इंदूरच्या रामबागेत राहणारा माझा भाचा प्लेटलेट द्यायला आमच्या रक्तपेढीत आला होता. मशीन सुरू होऊन अर्धा तास झाला असेल, म्हणाला, "मावशी, ओठांना मुंग्या येतायत गं. बोटांनाही." मी मशीनचा वेग कमी केला, कॅल्शियमची गोळी चघळायला दिली. थोड्या वेळात मुंग्या गेल्या.

मशीन प्लेटलेट काढून घेतं आणि बाकीचं रक्त सायट्रेटसकट परत अंगात सोडतं. त्याला मुंग्या आणणारं हे सायट्रेट (लिंबाच्या आंबटपणातलं सायट्रिक ॲसिड याच जातीचं) रक्ताच्या प्रत्येक पिशवीत असतं. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं. सायट्रेट ते धरून ठेवतं, म्हणून रक्त पातळ राहतं. ३५० मिलिलिटरच्या पिशवीत त्यासाठी ४९ मिलिलिटर द्रावण आधीच भरलेलं असतं. १९१४-१५ साली हुस्टिन, अगोते आणि लेविसन या डॉक्टरांनी ही वाट दाखवली. त्याआधी रक्त देणाऱ्याला रुग्णाच्या शेजारीच झोपवावं लागे.

एक-दोन पिशव्यांतलं सायट्रेट यकृत काही मिनिटांत मोडून टाकतं. पण बाळंतपणानंतर रक्त थांबत नसलेल्या बाईला किंवा बायपास रस्त्यावरच्या अपघातातल्या मुलाला भराभर रक्त चढतं, तेव्हा यकृताला तेवढी सवड मिळत नाही. त्यात अंग गार पडलेलं, यकृतालाच रक्त कमी. प्लाझ्माच्या (रक्तातल्या पिवळसर द्रवाच्या) पिशवीत तर लाल पेशींच्या पिशवीपेक्षा सायट्रेट जास्त. ते साचतं आणि रुग्णाचं स्वतःचं कॅल्शियम बांधून ठेवतं. हृदयाचा जोर कमी होतो, बीपी घसरतं, ईसीजीत क्यूटी (ठोक्यानंतर हृदय सावरेपर्यंतचा काळ) लांबतो. रक्त नीट गोठत नाही, म्हणून आणखी वाहतं, म्हणून आणखी पिशव्या लागतात. बेशुद्ध रुग्ण "मुंग्या येतायत" असं सांगणार कसा?

इथे नेहमीचा कॅल्शियमचा रिपोर्ट फसवतो. सायट्रेटने बांधलेलं कॅल्शियमही त्यात मोजलं जातं, आणि आकडा चांगला दिसतो. बघायचं ते मोकळं, म्हणजे आयनाइज्ड कॅल्शियम. रक्तातले वायू तपासणारं एबीजी मशीन ते काही मिनिटांत सांगतं. साधारण १.१ ते १.३ मिलिमोल प्रति लिटर असावं, ०.९ च्या खाली धोका वाढतो. रक्त चालू असेपर्यंत ही तपासणी पुन्हापुन्हा करावी लागते.

भरपाई शिरेतून, ईसीजीवर नजर ठेवून. १० टक्के कॅल्शियम क्लोराइडच्या १० मिलिलिटरमध्ये सुमारे २७० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटच्या तेवढ्याच मात्रेत ९३. क्लोराइड लहान शिरेबाहेर झिरपलं तर कातडी जाळतं, म्हणून ते शक्यतो मोठ्या शिरेतून देतात. आणि रक्ताच्या नळीतून कॅल्शियम कधीच द्यायचं नाही: तिथे सायट्रेट कमी पडतं आणि नळीतच गुठळी होते.