गूढ शब्दकोडे

गूढ शब्दकोडे हा आडव्या-उभ्या शब्दकोड्याचा एक प्रकार असून त्यातील संकेत साधे वाक्य वाटतो, पण त्या वाक्याच्या वरवरच्या अर्थाचा उत्तराशी बहुधा काहीही संबंध नसतो. अशा संकेतात उत्तराचा सरळ अर्थ आणि त्याच उत्तराकडे नेणारी अक्षरांची कसरत एकमेकांत बेमालूम मिसळलेली असतात. अर्थाचा भाग सुरुवातीला किंवा शेवटी येतो, मध्ये नाही. कंसातला आकडा अक्षरसंख्या सांगतो.

‘उलट वाहणारी नदी गरीब (२)’ हा संकेत वाचताना डोळ्यांसमोर नदीचे पात्र येते. प्रत्यक्षात ‘नदी’ची अक्षरे उलटवली की ‘दीन’ मिळतो आणि ‘गरीब’ हा त्याचा अर्थ ठरतो. ‘एक मळका, पण आत फूल (३)’ यातले ‘कमळ’ तर दोन शब्दांच्या सांध्यावर उघडेच असते, तरीही सहसा दिसत नाही. ‘सरकारला द्यावा लागणारा हात (२)’ यात अक्षरांची हलवाहलव नाही, केवळ ‘कर’चे दोन अर्थ शेजारी बसवले आहेत. अक्षरांच्या फेरजुळणीचा संकेत ‘विस्कटलेला’ किंवा ‘बिघडलेला’ अशा शब्दाने इशारा देतो. इंग्रजीत सुटी मुळाक्षरे हलवता येतात, देवनागरीत मात्र काना-मात्रा अक्षराबरोबरच जात असल्याने फेरजुळणीला वाव कमी आणि लपवाछपवीला अधिक मिळतो.

आर्थर विन यांचे पहिले आधुनिक शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आले, परंतु गूढ संकेतांची परंपरा ब्रिटनमध्ये रुजली. ‘द ऑब्झर्व्हर’मध्ये १९२६ पासून एडवर्ड पॉविस मॅथर्स ‘टॉर्केमाडा’ या नावाने कोडी रचत. हे नाव स्पेनमधील, छळासाठी कुप्रसिद्ध धर्मन्यायाधीशाचे, आणि ते शोभणारेही होते. फसवणुकीला शिस्त आली ती नंतर. कोडेकार ए. एफ. रिची यांनी १९४९ मध्ये दंडक घातला, की कोडेकाराने जे म्हटले तेच त्याला अभिप्रेत असले पाहिजे असे नाही, पण जे अभिप्रेत आहे ते त्याने म्हटलेच पाहिजे. दुसरे कोडेकार डेरिक मॅकनट यांनी १९६६ च्या पुस्तकात हीच भूमिका नियमबद्ध केली.

सोडवणाऱ्याने म्हणूनच वाक्य समजून घेण्याचा मोह टाळून ते तोडावे, विरामचिन्हांकडे दुर्लक्ष करावे आणि दोन्ही टोकांचे शब्द अर्थ म्हणून तपासून पाहावेत. छेदणाऱ्या शब्दांतून मिळालेली अक्षरे मदत करतात, पण कसरतीचा उलगडा होईपर्यंत उत्तर पक्के मानू नये.