घरगुती वैद्यकीय उपकरणांचे विद्युत संरक्षण (सोलापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

घरगुती वैद्यकीय उपकरणांचे विद्युत संरक्षण : ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, सीपॅप व बायपॅप (मुखवट्यातून दाबाने हवा देऊन श्वासाला साहाय्य करणारी यंत्रे), व्हेंटिलेटर, सक्शन यंत्र, नेब्युलायझर यांसारखी रुग्णाच्या घरी विजेवर चालणारी उपकरणे वीजपुरवठ्यातील दोषांपासून जपणे आणि पुरवठा खंडित झाल्यास उपचार अखंड ठेवणे, या दोन्ही गोष्टींचा या संज्ञेत समावेश होतो. व्यवहारात ही दोन उद्दिष्टे एकच समजली जातात. वस्तुतः ती वेगळी असून प्रसंगी परस्परविरोधीही ठरतात. विजेचा दाब (व्होल्टेज) मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारे साधन यंत्र वाचवते, पण त्याच क्षणी रुग्णाचा प्राणवायू थांबवते. म्हणून यंत्राचे रक्षण आणि रुग्णाचे रक्षण यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, आणि दोहोंत विरोध आल्यास दुसऱ्याला अग्रक्रम द्यावा लागतो.

भारतात अशी उपकरणे घरोघरी पोहोचण्याची प्रक्रिया पूर्वीपासून चालू होती. २०२०-२१ मधील कोविड साथीच्या काळात, विशेषतः एप्रिल-मे २०२१ मधील दुसऱ्या लाटेत, तिला मोठी गती मिळाली.

पुरवठ्याचा दाब व त्याची मर्यादा : घरगुती एकफेजी पुरवठ्याचा प्रमाण दाब २३० व्होल्ट व वारंवारता ५० हर्ट्‌झ आहे. जुन्या तांत्रिक पुस्तकांत २४० व त्रिफेजी पुरवठ्यासाठी ४१५ व्होल्ट हे आकडे आढळतात आणि वायरमन आजही तेच सांगतात. २३० व ४०० व्होल्ट ही जोडी आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या १९८० नंतरच्या मानकांतून आली व त्या दशकाच्या अखेरीस भारतीय मानकांत स्वीकारली गेली, असे सामान्यतः मानले जाते. प्रत्यक्ष उपकरणांवर दोन्ही आकडे दीर्घकाळ छापले जात राहिल्याने बदलाचे एकच वर्ष सांगणे फारसे उपयुक्त नाही. भारतीय विद्युत नियम, १९५६ यांनी लघुदाबासाठी वर-खाली ६ टक्क्यांची मुभा दिली होती; आंतरराष्ट्रीय मानकाची मुभा १० टक्के, म्हणजे २०७ ते २५३ व्होल्ट आहे. उपकरण निवडताना हा दुसरा, अधिक रुंद पल्ला गृहीत धरणे सुरक्षित होय.

दोषांचे प्रकार : बोलीत ‘व्होल्टेज आलं’ किंवा ‘सर्ज आला’ या शब्दांखाली अत्यंत भिन्न घटना एकत्र केल्या जातात. त्यांतील पहिली म्हणजे तडिताघातामुळे किंवा मोठा भार जोडल्या-तोडल्यामुळे येणारी क्षणिक दाबवाढ. ती मायक्रोसेकंदांत मोजली जाते. प्रयोगशाळेत तिच्यासाठी १.२ मायक्रोसेकंदांत शिखर गाठून ५० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येणारी प्रमाण लहर वापरतात. दुसरी घटना म्हणजे सेकंद, मिनिटे किंवा तासभर टिकणारी दाबवाढ. सोलापुरासारख्या शहरातील घरगुती उपकरणांचा विचार करता हीच अधिक घातक मानली पाहिजे.

या दुसऱ्या प्रकाराचे मुख्य कारण न्यूट्रल तार तुटणे हे आहे. डीपीपासून (परिसराला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपासून) निघणाऱ्या चार तारांपैकी तीन फेजच्या व एक न्यूट्रलची, म्हणजे परतीची, असते. घरे तीन फेजांवर वाटलेली असतात आणि प्रत्येक घराला फेज व न्यूट्रल यांमधील २३० व्होल्ट मिळतात. डीपी व घरे यांदरम्यान न्यूट्रल तुटला, किंवा गंजलेल्या जोडामुळे सैल झाला, तर दोन फेजांवरील घरे ४०० व्होल्टच्या दाबावर जणू एकापुढे एक जोडली जातात. अशा वेळी जास्त भार असलेल्या फेजवर दाब कोसळतो व कमी भार असलेल्या फेजवर तो ४०० व्होल्टच्या दिशेने चढतो. म्हणून एकाच गल्लीत एका घरातील दिवे मिणमिणतात आणि समोरच्या घरातील दिवे भगभगीत होऊन उडतात. रात्री पंखा व एक यंत्र एवढाच भार असलेले रुग्णाचे घर बहुधा दुसऱ्या गटात पडते. दिवे अकारण प्रखर झाले, पंख्याचा वेग आपोआप वाढला, तर मुख्य स्विच तत्काळ बंद करून रुग्णाला सिलिंडरवर घेणे हाच मार्ग उरतो. ही खूण घरातील प्रत्येकाला, लहान मुलांनाही, माहीत असली पाहिजे.

कमी दाबाचा परिणाम उपकरणागणिक बदलतो. सीपॅप व बायपॅप यांच्या अडॅप्टरवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट असा पल्ला छापलेला असतो. त्यांना १६० व्होल्टवरही अडचण येत नाही. कॉन्सन्ट्रेटरची गोष्ट वेगळी आहे. त्यातील कॉम्प्रेसर हवा दाबून झिओलाइटच्या नळकांड्यांतून सोडतो, तेथे नायट्रोजन शोषला जातो व साधारणपणे ९० ते ९५ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन बाहेर पडतो. विजेचा दाब घसरला की कॉम्प्रेसरची मोटर अधिक प्रवाह खेचून तापते, आणि यंत्रात दाबलेली हवा शिल्लक असताना वीज जाऊन लगेच परत आली तर ती मोटर अडखळते. यामुळे कॉन्सन्ट्रेटरला स्टॅबिलायझर आवश्यक ठरतो, तर सीपॅपला तो सहसा लागत नाही.

सोलापूर परिसर : शहराच्या दक्षिणेस फताटेवाडी येथे एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीचे १,३२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक केंद्र आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित होऊन दक्षिणेचे विद्युत जाळे उर्वरित देशाशी एकाच वारंवारतेवर जोडले गेले, ही भारतीय वीजक्षेत्राच्या इतिहासातील महत्त्वाची घटना याच शहराशी निगडित आहे. ‘एवढे असूनही आमच्याकडे लाइट का जाते?’ हा प्रश्न येथे नेहमी ऐकू येतो. त्याचे उत्तर असे की मोठ्या जाळ्याच्या स्थैर्याचा संबंध मुख्यतः वारंवारतेशी व एकूण उपलब्धतेशी असतो. घरातील दाब मात्र डीपी, तिच्यावरील भार आणि शेवटच्या काही शे मीटर तारेवर ठरतो.

शहराच्या पूर्व भागात अनेक ठिकाणी राहते घर व यंत्रमाग एकाच छपराखाली किंवा एकाच डीपीवर असतात. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह घेते. अनेक माग पाठोपाठ सुरू झाल्यास दाबात क्षणिक घट येते. चादरी व टॉवेलांच्या या व्यवसायात किंवा विडी वळण्यात आयुष्य घालवलेल्या वृद्धांपैकी काहींच्या उशाशी आज कॉन्सन्ट्रेटर आहे, हे ध्यानात घेता या घटीकडे किरकोळ म्हणून पाहता येत नाही. वळवाच्या पावसाचे एप्रिल-मे हे महिने आणि परतीच्या पावसाचे सप्टेंबर-ऑक्टोबर हे दिवस वीज कडाडण्याचे व वादळी वाऱ्याने तारा एकमेकींवर घासण्याचे असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेल्या ‘दामिनी’ या मोबाइल अ‍ॅपवर जवळपासच्या तडिताघातांची पूर्वसूचना मिळते. ती मिळताच जे यंत्र त्या क्षणी लागत नाही त्याची पिन काढून ठेवणे हा बिनखर्चाचा आणि सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

अर्थिंगबाबत या भागाची जमीन विशेष लक्ष मागते. दख्खनच्या बेसॉल्टवरील काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते, परंतु उन्हाळ्यात ती भेगाळते व इलेक्ट्रोडपासून सुटते, त्यामुळे अर्थिंगचा रोध वाढतो. कोळसा व मीठ घातलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालण्याची जुनी रीत यामुळेच शास्त्रशुद्ध ठरते. तीन पिनांचे सॉकेट आहे म्हणून अर्थिंग आहे असे समजू नये. जुन्या वाड्यांत व चाळींत तिसऱ्या छिद्रामागे तारच नसल्याचे आढळते. घरगुती वापराच्या वैद्यकीय उपकरणांसाठीचे २०१० मधील आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०६०१-१-११ याने ही स्थिती जगभर गृहीत धरली आहे. घरातील अर्थिंगवर विसंबू नये, म्हणून कायमस्वरूपी न बसवलेले यंत्र दुहेरी निरोधनाचे (डबल इन्सुलेशनचे) किंवा अंतर्गत बॅटरीवरचे असावे, असे त्यात बंधन आहे. यंत्राच्या माहितीपट्टीवरील चौकोनात चौकोन ही खूण दुहेरी निरोधन दर्शवते.

साधने : बाजारात ‘स्पाइक गार्ड’ या नावाने मिळणाऱ्या पट्टीत झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर, म्हणजे दाब मर्यादेपलीकडे जाताच स्वतःतून प्रवाह वाहू देऊन जादा दाब रोखणारा घटक, असतो. या घटकाच्या उगमाबद्दल एकमत नाही. जपानमध्ये मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो विकसित केला, असे बहुतेक ग्रंथ सांगतात. तथापि झिंक व बिस्मथ यांच्या ऑक्साइडांच्या मिश्रणातील हा गुण त्याच दशकाच्या आरंभी सोव्हिएत संशोधकांनी नोंदवला होता, असाही दाखला दिला जातो. गुणाची नोंद आधीची व वापरण्याजोगा घटक जपानी, ही मांडणी अधिक ग्राह्य वाटते. व्हॅरिस्टर मायक्रोसेकंदांची लाट गिळतो. न्यूट्रल तुटल्यानंतरची टिकून राहणारी दाबवाढ त्याला पेलत नाही. तो स्वतः जळतो व यंत्र उघडे पडते. पट्टीवरील दिवा पेटत असला तरी आतील व्हॅरिस्टर शाबूत असेलच असे नाही.

टिकाऊ दाबवाढीवर उपाय म्हणजे मीटरनंतर बसवायचा अधिक-उणे दाबाचा प्रोटेक्टर. दाब साधारण २७० व्होल्टच्या वर किंवा १७० च्या खाली गेल्यास तो पुरवठा तोडतो व दाब पूर्ववत झाल्यावर काही विलंबाने जोडतो. फ्रीजसाठी तीन मिनिटांचा विलंब योग्य असतो. ऑक्सिजनवरील रुग्णाला तेवढा वेळ देता येत नाही. म्हणून असा प्रोटेक्टर बसवल्यास त्याच्यापुढे बॅटरीचा आधार असलाच पाहिजे.

‘इन्व्हर्टर’ हा शब्द आपल्याकडे चार्जर, बॅटरी व बदल-स्विच यांच्या संपूर्ण संचाला लावतात. मूळ अर्थ एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणारा भाग एवढाच आहे. ही संज्ञा अमेरिकन अभियंता डेव्हिड प्रिन्स यांच्या १९२५ मधील लेखाने रूढ झाली, असे सामान्यतः मानतात. मात्र उलट्या दिशेने चालवलेल्या फिरत्या कन्व्हर्टरसाठी तत्सम शब्दप्रयोग त्याआधीच प्रचारात असल्याने प्रिन्स यांना संज्ञेचे जनक म्हणण्यापेक्षा प्रवर्तक म्हणणे उचित. या शब्दार्थाचा व्यवहाराशी थेट संबंध आहे. वीज चालू असताना घरगुती संच रूपांतर करीतच नाही, आलेला दाब जसाच्या तसा पुढे सोडतो. ‘नॉर्मल’ स्थितीत असा पुढे सोडल्या जाणाऱ्या दाबाचा पल्ला साधारण १०० ते २९० व्होल्ट इतका रुंद असतो, ‘यूपीएस’ स्थितीत १८० ते २६० च्या आसपास. मागचा छोटा स्विच यूपीएस स्थितीत ठेवला तर दाब बिघडताच संच लवकर बॅटरीवर जातो. यंत्राला चौकोनी लहरीचा संच चालत नाही. शुद्ध साइन लहरीचाच घ्यावा. घरी व्हेंटिलेटर असल्यास सतत दुहेरी रूपांतर करणारा ऑनलाइन यूपीएस हाच योग्य पर्याय होय.

वीज गेल्यानंतरचा काळ : पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर सुमारे ३५० वॉट घेतो. १५० अँपिअर-तासाची १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते. रूपांतरातील घट व जलद उपशामुळे कमी होणारी क्षमता वजा जाता ती नवी असताना हे यंत्र जेमतेम तीन तास चालवते. त्याच बॅटरीवर ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) बंद ठेवलेला बायपॅप रात्रभर चालतो. तापमान १० अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य सुमारे निम्मे होते, हा ढोबळ नियम चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या सोलापूरच्या उन्हाळ्यात कटू अनुभव देतो. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेली बॅटरी दोन वर्षांनंतर किती वेळ टिकते हे प्रत्यक्ष चालवूनच पाहावे.

विजेवर मुळीच न विसंबणारा आधार म्हणजे ऑक्सिजन सिलिंडर. ‘बी’ प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर वायू मावतो. मिनिटाला २ लिटर या गतीने तो साडेबारा तास, ५ लिटरने पाच तास पुरतो. रेग्युलेटर आधीच जोडलेला, पाना शेजारी आणि घरातील किमान दोघांना तो उघडण्याचा सराव, एवढी तयारी नसेल तर सिलिंडर असूनही अंधारात मौल्यवान मिनिटे जातात. चार्ज होणाऱ्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून एका खोलीच्या घरातही बॅटरी व ऑक्सिजन यांत शक्य तितके अंतर राखावे, आणि निरांजन, शेगडी व विडी त्या बाजूला येऊ देऊ नये.

प्रशासकीय तरतुदी : महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या पुनर्रचनेतून २००५ मध्ये महावितरण कंपनी अस्तित्वात आली, सोलापूरचा घरगुती पुरवठा तिच्याकडे आहे. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांत पुरवठा संहिता व कृतिमानकांबरोबर विजेच्या गुणवत्तेचाही अंतर्भाव आहे. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक असून न्यूट्रल सैल असल्याचा संशय असल्यास ‘लाइट कमी-जास्त होते’ असे न सांगता ‘न्यूट्रल गेल्यासारखे दिसते, घरात ऑक्सिजनचा रुग्ण आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे.