उन्हाळी पक्षीफेरी

एप्रिलपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत भल्या पहाटे माळरानातून आणि झाडीतून गटाने पायी हिंडत पक्षी पाहण्याचा, आणि त्याहून जास्त ऐकण्याचा, उपक्रम. महाराष्ट्रात पक्षीनिरीक्षणाची गर्दी हिवाळ्यात भिगवणसारख्या पाणवठ्यांवर लोटते. उन्हाळ्यात बरेचसे पाहुणे परतलेले असतात, पण अनेक रहिवासी पक्ष्यांचा विणीचा हंगाम हाच. हद्द सांगायला आणि जोडीदार मिळवायला नर गातात, म्हणून जाणत्यांच्या मते कान तयार करायचे तर हेच दिवस.

पुणे परिसरात सासवड-जेजुरीकडची माळराने आणि सिंहगडाच्या पायथ्याची झाडी या फेऱ्यांसाठी नेहमीची. सुरुवात माळावरून करावी, कारण तिथे ऊन लवकर चढते. डोंबारी नावाचा छोटा चंडोल सूर मारत वर जातो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो आणि जमिनीलगत पुन्हा सावरतो. नाव कुणी ठेवले असेल त्याने पक्षी नीट पाहिला होता. माळटिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. ती मातीखड्यांत इतकी मिसळून जातात की पायाखाली येण्याची भीती असते. म्हणून गट पसरून नव्हे, पायवाटेने एकामागून एक चालतो. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर वाट बदलायची.

झाडीत शिरल्यावर डोळ्यांचे काम कमी होते. तांबटाची ‘टुक-टुक’, हळद्याची शीळ, कोकिळेचे चढत जाणारे सूर (गाणारा नर असतो, हे दर फेरीत कुणाला तरी सांगावे लागते). ‘पेरते व्हा’ म्हणणारा पावशा हा चातक नव्हे, हेही. पावशा इथलाच, पावसाच्या तोंडावर आफ्रिकेकडून येणारा, काळापांढरा, तुरेवाला तो चातक. दोघेही आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात खपवतात, गोंधळाला तेवढे निमित्त पुरते. मेअखेरीस दक्षिणेकडून नवरंग येतो. त्याची दोन सुरांची शीळ सकाळ-संध्याकाळच ऐकू येते. तमिळमध्ये त्याला ‘सहा वाजताचा पक्षी’ अशा अर्थाचे नाव आहे.

गट दहा-पंधरा जणांचा बरा. कपडे मातकट, हातात आठ पट दाखवणारी दुर्बीण. पक्षी दाखवताना झाडालाच घड्याळ मानतात: ‘शेंडा बारा, आता दोनवर बघा.’ मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे मात्र या हंगामात अक्षम्य. प्रतिस्पर्धी आला असे समजून नर घरटे सोडून भांडायला धावतो. फोटोसाठी घरट्याआडच्या फांद्या वाकवल्या, की पिल्ले उन्हाच्या आणि कावळ्यांच्या तावडीत सापडतात.

एकोणिसाव्या शतकात पक्षी ओळखायचा म्हणजे बहुधा बंदुकीने पाडून. अमेरिकेत फ्लॉरेन्स मेरियम यांनी 1886 मध्ये स्मिथ कॉलेजातल्या मुलींना पक्षी पाहायला बाहेर नेले, ती अशा फेऱ्यांची सुरुवातीची उदाहरणे. मुंबईत 1883 साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आजही निसर्गफेऱ्या काढते.

नऊच्या सुमारास पक्षी सावलीला जातात आणि माणसे पोह्यांकडे. तिथे यादीचे वाचन होते. नुसता ऐकलेला पक्षीही यादीत धरतात, ‘ऐकला’ अशी खूण करून. नवख्यांना ही सूट वाटते. नवरंगाच्या बाबतीत बहुतेकांना तीच घ्यावी लागते.