पल्स तोच, पण मेंदूचं उत्तर रोज वेगळं का?

1985 साली इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी डोक्यावर कॉईल धरून चुंबकीय पल्स सोडला आणि समोरच्याचा हात आपोआप हलला. हेच काम मर्टन आणि मॉर्टन यांनी 1980 मध्येच थेट विजेने करून दाखवलं होतं, पण ते जाम दुखायचं, म्हणून मग सगळे या नव्या टीएमएसकडे, म्हणजे डोक्याबाहेरून चुंबकीय पल्स देऊन मेंदूला चालना देण्याकडे, वळले. आता बहुतेक लॅबमध्ये अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या स्नायूवर इलेक्ट्रोड चिकटवतात, मेंदूच्या मोटर कॉर्टेक्सवर, म्हणजे हालचाली चालवणाऱ्या वरच्या थरावर, पल्स देतात आणि स्नायूत उमटणारा सिग्नल मोजतात, त्याला एमईपी म्हणतात.

तर गंमत अशी की माणूस तोच, जागा तीच, ताकद तीच आणि तरी काही सेकंदांनी दिलेल्या पुढच्या पल्सला एमईपी निम्म्यावर येतो नाहीतर दुप्पट होतो. मशीन बिघडलेलं नसतं. कॉर्टेक्समधल्या आणि पाठीच्या कण्यातल्या पेशी क्षणाक्षणाला कमी-जास्त उत्तेजित होत असतात, त्यात बोट नकळत जरा आवळलं गेलं किंवा कॉईल काही मिलिमीटर सरकली तरी आकडा बदलतो. म्हणून वीस-तीस पल्सची सरासरी काढतात, चार-पाच पल्सवर भागवलेला पेपर दिसला की मी तरी जरा सावध होतो.

पण खरी परीक्षा दुसऱ्या सेशनला, म्हणजे आठवड्याने तोच माणूस परत बसला की. इथे मोटर थ्रेशोल्ड चांगला टिकतो. थ्रेशोल्ड म्हणजे दहापैकी निदान पाच वेळा 50 मायक्रोव्होल्टचा सिग्नल मिळवायला लागणारी कमीत कमी ताकद. एमईपीची उंची मात्र त्यामानाने बरीच डळमळते. दोन पल्स 10-15 मिलिसेकंदांच्या अंतराने देऊन मोजायची फॅसिलिटेशन, म्हणजे पहिल्या पल्समुळे दुसऱ्याचं उत्तर किती वाढतं ते, तर बऱ्याचदा त्याहून बेभरवशाची निघते.

हा भरवसा मोजायला आयसीसी नावाचा आकडा वापरतात, 1 च्या जवळ असेल तर उत्तम. पण त्यात एक मेख आहे. माणसामाणसांतला फरक खूप मोठा असेल तर सेशनमधली चूक त्यात झाकली जाते आणि आयसीसी छान दिसतो, उलट एकाच वयाचे धडधाकट कॉलेजचे विद्यार्थी घेतले तर तेच माप वाईट ठरू शकतं. त्यामुळे नुसता आयसीसी बघून चालत नाही, एकाच माणसात किती बदल झाला तर तो खरा धरायचा हे पण सांगायला हवं, आणि तेच अनेकदा सांगितलेलं नसतं.

याचा फटका थीटा बर्स्टला, म्हणजे टीएमएसचे पल्स झुबक्याझुबक्याने देण्याच्या पद्धतीला, बसला, कारण तिचा परिणामही एमईपीवरूनच मोजतात. 2005 मध्ये ही पद्धत आली तेव्हा चित्र एकदम स्वच्छ होतं, एक पॅटर्न कॉर्टेक्सची उत्तेजना वाढवतो, दुसरा कमी करतो. मग 2013 मध्ये हमादा आणि सहकाऱ्यांनी 52 जणांवर दोन्ही करून बघितले तर सरासरी परिणाम जवळपास शून्य, आणि दोन्ही पॅटर्नना अपेक्षेप्रमाणे उत्तर देणारे साधारण चारात एक.

नशीब एवढंच की डिप्रेशनच्या टीएमएस उपचारात, ज्याला अमेरिकेत 2008 मध्ये मंजुरी मिळाली, डोस थ्रेशोल्डवरून ठरवतात, एमईपीच्या उंचीवरून नाही.