एका डेप्थ कॅमेऱ्यात अख्खी हालचाल मावते का?

किनेक्ट हा एक्सबॉक्स गेमसाठीचा डेप्थ कॅमेरा, म्हणजे समोरच्या वस्तूंचे अंतर मोजणारा. ‘जुना किनेक्ट समोर ठेवा, नाचा, हुबेहूब ॲनिमेशन तयार’ हा समज बरीच वर्षे फिरतो आहे. पटतोही, कारण पडद्यावरचा आपल्या शरीराचा रेषांचा सांगाडा खरोखरच लगेच हलतो.

पण २०१० चा पहिला किनेक्ट सेकंदाला ३० वेळा अंतर मोजतो, तेही फक्त समोर दिसणाऱ्या पृष्ठभागाचे. सांधे त्याला दिसत नाहीत. २० सांध्यांच्या जागा सॉफ्टवेअर ठरवते. झाकलेला सांधा म्हणजे निव्वळ अंदाज.

पडताळा सोपा आहे. अडीच मीटरवर उभे राहून हात हलवा आणि प्रत्येक फ्रेममध्ये कोपर ते मनगट अंतर काढा. हाड काही लांबत नाही, तरी आकडा बदलतो. मग एका बाजूला वळा, सांगाड्याचा पलीकडचा हात भरकटेल. थेट उन्हात तर अंतर मोजण्यासाठी कॅमेरा टाकतो ते अदृश्य इन्फ्रारेड ठिपके पुसट होऊन अंतराच्या चित्रात भोके पडतात.

दुसरा कॅमेरा ९० अंशांत लावता येतो, पण दोघांचे ठिपके एकमेकांत मिसळतात. म्हणून नोंदलेली हालचाल नंतर सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करावी लागते: आधी हाडांची लांबी पक्की करावी, मग थरथर फिल्टरने काढावी. फिल्टर जास्त झाला की ठोसासुद्धा मऊ पडतो! सर्वांत वेळखाऊ काम घसरणाऱ्या पायांचे: पाऊल टेकलेल्या फ्रेम निवडून ते जमिनीला बांधावे लागते. बोटे तर वेगळीच ॲनिमेट करावी लागतात.